परमुलूख, दाखला आणि पावती
सातारा-सांगलीच्या अनुभवातून दोन शासकीय धोरणांचा विचार

सांगलीहून तासगावास जाणारा रस्ता पंचवीस किलोमीटरांच्या आतबाहेरचा आहे. १९४८ च्या मार्चपूर्वी या रस्त्याने जाणारा प्रवासी सांगली संस्थानात गाडीत बसे, माधवनगर-बुधगावाशी मिरजेच्या धाकट्या पातीच्या मुलखातून पुढे जाई आणि तासगावात सातारा जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात, उतरे. एका सकाळच्या प्रवासात तीन राज्ये, तीन पोलीस खाती आणि तीन न्यायव्यवस्था! लोकांच्या बोलण्यात पहिल्या दोहोंस 'संस्थानी मुलूख' आणि तिसऱ्यास 'खालसा मुलूख' म्हणत. 'परदेश' हा शब्द विलायतेसारख्या दूरच्या देशांसाठी राखलेला असे. बुधगावास कोणी परदेश म्हटले नाही. कायद्याला मात्र हा भेद ठाऊक नव्हता. साताऱ्याच्या न्यायालयाच्या दृष्टीने बुधगाव काय किंवा आफ्रिकेतील युगांडा काय, दोन्ही स्थळे सारखीच 'ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरील' होती. युगांडाचे नाव येथे सहज घेतलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

प्रस्तुत लेखात दोन शासकीय धोरणांचा विचार करावयाचा आहे. देशाच्या हद्दीबाहेर घडलेल्या गुन्ह्याचा खटला देशात कसा चालवावा, हे पहिले. आणि नागरिकांनी स्वाधीन केलेल्या बंदुका शासनाने कशा जमा करून घ्याव्यात, हे दुसरे. प्रस्तुत लेखक विधिज्ञ नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. त्यामुळे हे दोन विषय एकत्र का घेतले याचे उत्तरही भाषेच्या बाजूनेच द्यावे लागेल. पहिल्या धोरणात हद्दीबाहेरचे कृत्य हद्दीच्या आत आणले जाते. दुसऱ्यात घरातली वस्तू घराबाहेर काढून शासनाच्या ताब्यात दिली जाते. दोन्ही ठिकाणी सारा व्यवहार एका कागदावर अवलंबून असतो: पहिल्या ठिकाणी दाखला किंवा मंजुरी, दुसऱ्या ठिकाणी पावती. आणि दोन्ही ठिकाणी रोजच्या मराठीतील शब्द कायद्याच्या अर्थाहून इतका निराळा पडतो, की त्या अंतरात सामान्य माणसाचा हक्क हरवून जाण्याचा संभव असतो.

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, पण त्याचे मांडलिक राहिले. औंध, फलटण, भोर, जत ही संस्थाने साताऱ्याच्या अवतीभवती. त्यांच्या दक्षिणेस पटवर्धनांची सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी. यांपैकी एकाचाही मुलूख सलग म्हणावा असा नव्हता. सांगली संस्थानाचे तुकडे मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी असे दूरदूर विखुरलेले. औंधाचे आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, गुणदाळ तर विजापुराच्या बाजूस. कुंडल हे सातारा जिल्ह्याच्या पोटातले औंधाचे बेटच होते. अशा प्रदेशात चोराला परराज्यात जाण्यासाठी फार श्रम पडत नसत. एखादा ओढा ओलांडला तरी पुरे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १८८ वे कलम या परिस्थितीस लागू पडत असे. ब्रिटिश प्रजाजन असलेल्या हिंदी माणसाने ब्रिटिश हद्दीबाहेर अपराध केला, तर तो ब्रिटिश हिंदुस्थानात जेथे आढळेल तेथेच जणू तो अपराध घडला आहे असे मानून त्याची चौकशी करता येईल, असा त्याचा आशय. परंतु त्यास एक अट जोडलेली होती. ज्या मुलखात अपराध घडला तेथील पोलिटिकल एजंटाने 'या आरोपाची चौकशी ब्रिटिश हद्दीत व्हावी असे माझे मत आहे' असा दाखला दिल्यावाचून चौकशीस आरंभ करता येत नसे. उलट बाजूने, संस्थानात गुन्हा करून खालसा मुलखात पळून आलेल्या माणसास परत पाठविण्यासाठी १९०३ चा प्रत्यर्पणाचा कायदा होता, आणि त्यातही पोलिटिकल एजंटाचे अधिपत्र लागे. गमतीची गोष्ट अशी, की औंध आणि फलटण यांच्यापुरता हा पोलिटिकल एजंट म्हणजे बराच काळ साताऱ्याचा कलेक्टरच होता. म्हणजे एका हाताने दाखला मागावयाचा आणि दुसऱ्या हाताने तो द्यावयाचा! तरीही कागद लागेच. कागदावाचून हद्द ओलांडता येत नाही, हे तत्त्व त्या व्यवस्थेने कसोशीने पाळलेले दिसते.

या भागातील अभ्यासकास येथे प्रतिसरकारची आठवण होणे साहजिक आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी तुफान सेनेने लुटली. त्या सेनेचे नेतृत्व करणारे जी. डी. बापू लाड कुंडलचे. कुंडल हे प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र का झाले याची कारणे अनेक आहेत. लोकांची निष्ठा हे पहिले. १९३९ मध्ये प्रजेला राज्यघटना देणाऱ्या औंधच्या राजांची सहानुभूती हे दुसरे. परंतु कुंडलच्या शिवेवर ब्रिटिश हिंदुस्थान संपत होता, हे तिसरे कारणही दुर्लक्षण्याजोगे नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते. 'फरारी' हा अरबी मुळाचा शब्द आपण माणसाचे विशेषण म्हणून वापरतो. वस्तुतः तो माणूस आणि हद्द यांच्यातील संबंध सांगतो. एका हद्दीतला फरारी शिवेपलीकडे, निदान कागद येईपर्यंत, नुसता पाहुणा असतो.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव मिळाले. बुधगाव, कुंडल, आटपाडी यांचे 'बाहेरपण' संपले. कलम मात्र राहिले, कारण फाळणीने त्यास नवी हद्द पुरविली होती. १९४७ च्या नोव्हेंबरात मुलतान जिल्ह्यात घडलेल्या कथित अपहाराचा एक खटला १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आरोपी नंतर भारतात येऊन स्थायिक झाला होता. न्यायालयाने ठरविले, की तो अपराधाच्या वेळी भारताचा नागरिक नव्हता, म्हणून या कलमाखाली त्याची चौकशी भारतात होऊ शकत नाही. भाषेच्या दृष्टीने पाहता सारा निर्णय काळावर उभा आहे. 'भारताच्या नागरिकाने केलेला अपराध' या शब्दसमूहातील 'नागरिक' हे पद 'केलेला' या क्रियेच्या वेळचे समजावयाचे, खटल्याच्या वेळचे नव्हे. विद्यार्थ्यांना कृदंते शिकविताना यापेक्षा चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकास मिळालेले नाही.

आता युगांडा. भारतीय दंड संहितेचे ४ थे कलम १८९८ मध्ये नव्याने लिहिले गेले आणि त्यास एक दृष्टान्त जोडला गेला: एक हिंदी प्रजाजन असलेला कुली युगांडात खून करतो, ब्रिटिश हिंदुस्थानात तो जेथे आढळेल तेथे त्याच्यावर खटला चालविता येईल. युगांडा रेल्वेचे काम १८९६ मध्ये सुरू झाले होते आणि त्यावर हजारो हिंदी मजूर राबत होते. दृष्टान्तातील देशाची निवड हा केवळ योगायोग नसावा. त्या काळच्या विधिकाराला परदेशी अपराध करणारा हिंदी माणूस डोळ्यांपुढे आणावयाचा झाला, की तो कुलीच दिसे. १९५७ च्या दुरुस्तीने कुली जाऊन 'भारताचा नागरिक' आला, पण खून युगांडातच होत राहिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत युगांडाही गेला; आता तो नागरिक 'भारताबाहेरील कोणत्याही ठिकाणी' अपराध करतो. सव्वाशे वर्षांत एका वाक्यातून आधी माणसाचा वर्ग गेला, मग देशाचे नाव गेले. 'जेथे तो आढळेल' हे शब्द मात्र टिकून राहिले.

याच शब्दांत अलीकडे एक मोलाची भर पडली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २०८ व्या कलमात, आरोपी भारतात जेथे आढळेल 'किंवा जेथे अपराध नोंदला गेला असेल', त्या ठिकाणी तो अपराध घडला असे मानून कारवाई करता येईल, अशी रचना आहे. पूर्वीच्या वाक्यात स्थळ आरोपीच्या पायांनी ठरे. आता ते फिर्यादीच्या पायांनीही ठरू शकते. कराड, विटे किंवा इस्लामपूर येथील ज्या कुटुंबांतील मुलेमुली आखातात वा अमेरिकेत आहेत, त्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. 'गुन्हा तिकडे घडला, तक्रार तिकडेच करा' हे उत्तर पुष्कळांना ऐकावे लागते, आणि ऐकणारा ते खरे मानून परत फिरतो. कारण आपल्या मनात हद्द ही जमिनीवरील रेघ असते. कायद्याची हद्द मात्र या ठिकाणी नागरिकाबरोबर चालत असते.

पोलिटिकल एजंटाच्या दाखल्याची जागा आता केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीने घेतली आहे. ती नेमकी कशासाठी लागते हेही समजून घेतले पाहिजे. बोत्स्वानात राहणाऱ्या एका दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले, की तक्रार नोंदविणे, तपास करणे आणि न्यायालयाने अपराधाची दखल घेणे येथपर्यंत मंजुरीची गरज नाही. त्यापुढे खटला चालविण्यासाठी ती हवी. तसेच आरोपांपैकी जे कृत्य भारतातच घडले असेल, त्याच्यापुरती मंजुरी मुळीच लागत नाही. म्हणजे मंजुरीची चौकट पोलीस ठाण्याच्या दारावर नाही, न्यायालयाच्या आतल्या दालनावर आहे. ती बाहेरच्या दारावर आहे असे समजून फिर्याद नाकारली गेली, तर दोष कलमाचा नव्हे, वाचनाचा.

कित्येकदा अपराध परदेशी घडला असे आपणांस वाटते, पण तो घडलेला असतो येथेच. १९५७ मधील 'मुबारक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य' हा निर्णय या बाबतीत प्रसिद्ध आहे. आरोपी पाकिस्तानी नागरिक, राहणारा कराचीस. तांदूळ पुरवितो असे सांगून पत्रे, तारा आणि दूरध्वनी यांच्या द्वारे त्याने मुंबईत आलेल्या एका गोमंतकीय व्यापाऱ्याकडून मोठ्या रकमा घेतल्या. मी त्या वेळी भारतात पाऊलही ठेवले नव्हते, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. 'फसविणे' ही क्रिया कर्त्याच्या ठिकाणी पुरी होत नाही; फसणाऱ्याने विश्वास ठेवून पैसे दिले तेथे ती पुरी होते, आणि ते ठिकाण मुंबई होते. निर्णयाची भाषा अर्थात विधिशास्त्राची आहे. पण तिच्या मुळाशी सकर्मक क्रियापदाचा अर्थ कोठे पूर्ण होतो, हाच प्रश्न आहे. आज परदेशातून दूरध्वनी करून येथील निवृत्त माणसांची पुंजी लुबाडणाऱ्यांच्या संदर्भात हा जुना निर्णय पुन्हा वाचण्यासारखा आहे.

जाता जाता एक टीप. आरोपीस परत सोपविण्याच्या क्रियेस वृत्तपत्रे सर्रास 'प्रत्यार्पण' म्हणतात. प्रति आणि अर्पण यांचा संधी 'प्रत्यर्पण' असा होतो. १९६२ च्या कायद्याविषयी लिहिताना निदान आपल्या विद्यार्थ्यांनी तरी हा अधिकचा काना गाळावा.

हद्दीचा हा प्रश्न माणसापुरताच होता असे नाही. तो बंदुकीलाही होता. १८७८ च्या शस्त्र अधिनियमाचा अंमल ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि संस्थानांचे नियम संस्थानांचे. तासगावात परवान्यावाचून गुन्हा ठरणारी बंदूक शिवेपलीकडे वेगळ्या नियमाखाली येई. विलीनीकरणाने हा भेद मिटविला आणि माणसांप्रमाणे बंदुकाही एकाच वहीत आल्या.

परंतु शस्त्र सरकारकडे देणे या क्रियेची या प्रदेशातील आठवण त्याहून जुनी आणि कडवट आहे. १८५७ मध्ये सरकारने शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध घातले, तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगली येथील बेरडांनी शस्त्रे देण्याचे नाकारले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात फौज आली आणि गाव जाळले गेले. हलगली आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. पण मुधोळचे घोरपडे आणि सांगलीचे पटवर्धन हे एकाच राजकीय जगातले शेजारी होते. बेरड-रामोशांच्या दृष्टीने हत्यार ही नुसती वस्तू नव्हती. गावाची राखण हे त्यांचे वतनाचे काम, आणि हत्यार त्या कामाचे साधन. हत्यार गेले म्हणजे उपजीविका आणि मान ही दोन्ही गेली. 'हत्यार ठेवणे' या मराठी प्रयोगाचे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत: जवळ बाळगणे आणि खाली ठेवून शरण जाणे. हलगलीचा झगडा या दोन अर्थांमधला होता, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

आजचे धोरण शरणागतीचे नाही, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे २१ वे कलम या बाबतीत मूळ आधार आहे. परवान्याची मुदत संपली, परवाना रद्द झाला, किंवा परवानाधारक मृत्यू पावला आणि बंदूक घरात राहिली, तर ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवावी. ज्याने ती ठेवली त्याला, अथवा तो मृत झाल्यास त्याच्या वारसाला, विहित मुदतीत पुन्हा कायदेशीर हक्क प्राप्त झाल्यावर ती परत घेण्याचा, किंवा कायद्याने चालेल अशा रीतीने विकून टाकण्याचा अधिकार आहे. आणि ती मुदत टळली तर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती शासनाची होते. म्हणजे पहिल्या पायरीवर मालकी बदलत नाही, केवळ ताबा बदलतो. मालकी बदलते ती मुदत टळून आदेश निघाल्यावर.

मराठीत या दोन्ही पायऱ्यांना एकच शब्द आहे: 'जमा'. 'बंदूक ठाण्यात जमा केली' म्हणजे ठेवीदाखल दिली. 'बंदूक सरकारजमा झाली' म्हणजे गेली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एकत्र करणे एवढाच. हिशेबाच्या वहीत 'जमा' बाजूला पडलेली रक्कम आपली असते. महसुलाच्या भाषेत जमीन 'सरकारजमा' झाली, की ती आपली राहत नाही. या दोन वह्यांच्या मधोमध शेतकऱ्याची ठासणीची बंदूक सापडलेली आहे. विधिभाषेने पहिल्यासाठी 'निक्षेप' आणि दुसऱ्यासाठी 'समपहरण' हे शब्द सुचविले. अर्थाने ते निर्दोष आहेत, पण ठाण्यातील पावतीवर ते फारसे उतरले नाहीत आणि उतरले तरी वाचणाराला कळणार नाहीत. राज्यव्यवहारकोशात एक संपूर्ण शस्त्रवर्ग आहे. शिवकालीन कोशकारास शस्त्रांची नावे संस्कृतात आणण्याची चिंता होती. आपल्यापुढचा प्रश्न शस्त्राच्या नावाचा नाही, शस्त्राचे काय झाले हे सांगणाऱ्या क्रियापदाचा आहे. वस्तुतः 'अनामत ठेवली' हा प्रयोग रूढ आहे, सर्वांना समजतो, आणि परत मिळण्याचा हक्क त्याच्या अर्थातच अंतर्भूत आहे. तो स्वीकारण्यास अडचण कोणती, हे प्रस्तुत लेखकास कळलेले नाही.

निवडणुकीच्या काळात या गोंधळाचा प्रत्यय विशेष येतो. 'शस्त्रे जमा करा' असा आदेश निघाला, की गावात अनेकांना ती शिक्षा वाटते. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात छाननी समितीने परवानाधारकांची प्रकरणे पाहावयाची असतात. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत गुंतलेले अशांचा विचार त्यात प्रामुख्याने होतो. जमा केलेल्या शस्त्राची पावती द्यावयाची आणि निवडणूक पार पडल्यावर शस्त्र परत करावयाचे, असा हा तात्पुरता व्यवहार आहे. जावळी-पाटणकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी आणि शहरात प्रतिष्ठेसाठी रिव्हॉल्व्हर लटकविणारा इसम यांना एकाच मापाने मोजू नये, हाच छाननीचा हेतू. मूळ अधिनियमातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि जादा बंदूक एका वर्षाच्या आत जमा करण्यास सांगितले. वारसाहक्काने आलेल्या बंदुकांसही हीच मर्यादा आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाने बंदी घातलेल्या बंदुका लोकांकडून मोबदला देऊन परत घेतल्या, आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका गोळा झाल्या. तेथे तो व्यवहार उघडच खरेदीचा होता, त्यामुळे शब्दाचा घोळ उद्भवला नाही. आपल्याकडे गडचिरोलीत २००५ पासून चालू असलेल्या आत्मसमर्पण योजनेत शस्त्रासह येणाऱ्यास जादा रक्कम मिळते. तेथेही 'समर्पण' म्हणजे कायमचे देणे, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. संदिग्धता उरते ती परवानाधारकाच्या, म्हणजे ज्याने कायदा पाळला त्याच्याच, बाबतीत.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी एक ठासणीची बंदूक होती. आजोबा गेल्यावर मामांनी ती ठाण्यात नेऊन दिली. त्या ठाण्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. 'जमा केली' असे मामा सांगत, आणि घरातल्या सर्वांनी त्याचा अर्थ 'सरकारने घेतली' असाच केला. पुढे अनेक वर्षांनी कपाटातील कागद चाळताना पावती सापडली. तिच्यावर बंदुकीचा क्रमांक होता, मामांचे नाव होते, तारीख होती आणि 'जमा' हा शब्द होता. परत मागण्याचा हक्क कोणाचा आणि कोणत्या दिवसापर्यंत, याविषयी एक अक्षर नव्हते. चौकशी केली तेव्हा मुदत केव्हाच टळून गेली होती. मामांनी पावती हातात घेतली, चष्मा लावून ती वाचली आणि विचारले, "म्हणजे एवढी वर्षं ती आपलीच होती?"